निश्चित चांगला

ज्या साहेबाचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याच्या कँटीनपर्यंत पोचतो, त्याच्यापासून नोकरदाराच्या बढतीला फारसा धोका नसतो. असा साहेब ओळखायला अक्कल लागत नाही. सगळ्या ऑफिसला तो माहीत असतो, एचआरला माहीत असतो. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला तर त्याचा त्या दिवशीचा मूड गाडी लावण्याच्या पद्धतीवरून कळतो. त्याच्या हाताखालचा माणूस वर्ष-दोन वर्षांत वैतागून नोकरी बदलतो, त्या निमित्ताने पगार वाढवून घेतो आणि पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत त्या साहेबाचे किस्से सांगून भाव खातो. एकूण हिशेब मांडला तर सौदा फायद्याचाच.

खरा धोका गोड साहेबाचा. हा वाढदिवसाला केक मागवतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आठवणीने चौकशी करतो. सुट्टी मागितली की "घे गं, त्यात विचारायचं काय" म्हणतो आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी फक्त दोन मिनिटांसाठी फोन करतो. चारचौघांत सांगतो, "ही आहे म्हणून मला रात्री शांत झोप लागते." यात अतिशयोक्ती अजिबात नसते. त्याला झोप लागते, ती क्लायंटच्या कॉलवर जागी असते आणि सहा वर्षांनंतरही दोघांच्या जागा त्याच असतात.

अशा माणसाविषयी वाकडा विचार मनात आणणं मराठी नोकरदाराला जड जातं. चांगला साहेब ही आपल्याकडे पगाराच्या स्लिपवर न छापलेली रक्कम समजली जाते. "पगार बेताचा आहे, पण साहेब देवमाणूस आहे," असं सांगताना आवाजात समाधान असतं. आता देवमाणसाकडे प्रमोशनचा विषय काढायचा तरी कसा? फार तर नवस बोलता येतो, आणि नवसाला पोर्टलवर तक्रार नोंदवायची सोय नसते.

गोड साहेबाची काही वाक्यं ठरलेली असतात. "तू माझा उजवा हात आहेस" हे त्यातलं पहिलं. ते ऐकून माणूस संध्याकाळी पेढे घेऊन घरी जातो. शरीरशास्त्राकडे जरा लक्ष दिलं असतं तर पेढ्यांचे पैसे वाचले असते. आपला उजवा हात काढून दुसऱ्या खात्यात, तोही वरच्या हुद्द्यावर, आजवर कोणी पाठवलेला नाही. दुसरं वाक्य, "तुझ्याशिवाय हे डिपार्टमेंट चालणार नाही." हे कौतुक असलं तरी यात साहेबाच्या पुढच्या पाच वर्षांचं नियोजनही आलं. तिसरं वाक्य एप्रिलच्या सुमारास येतं, "पुढच्या सायकलला तुझंच नाव आहे." नाव असतं हे खरं. कुठल्या यादीत आहे, तेवढं सांगितलेलं नसतं.

ही नोकरदारांची नुसती कुरकुर आहे असं वाटत असेल, तर इंग्रिड हेगेले या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं काम बघावं. त्यांनी जर्मनीतल्या एका मोठ्या उत्पादन कंपनीच्या कर्मचारी नोंदी चाळल्या आणि व्यवस्थापकांनाच विचारलं की चांगली माणसं दाबून ठेवायचा प्रकार तुमच्याकडे चालतो का. चारपैकी तिघांनी चालतो म्हणून कबूल केलं. जर्मन माणूस सरळ बोलतो ते असं. त्याहून गंमत पुढे आहे. एखाद्या टीमच्या साहेबाची स्वतःचीच दुसरीकडे बदली ठरली की त्या काळात त्याच्या हाताखालच्या लोकांचे बढतीसाठीचे अर्ज १२३ टक्क्यांनी वाढायचे. माणसं तीच, त्यांची लायकी तीच, कंपनी तीच. बदललं काय, तर साहेबाने टेबल आवरायला घेतलं होतं. जाणाऱ्या साहेबाला टीम टिकवून ठेवायची गरज उरत नाही, मग तो उदार होतो आणि अर्जांना पंख फुटतात.

म्हणजे या प्रकारात दुष्टावा शोधण्यात अर्थ नाही. साहेबाचं स्वतःचं मूल्यमापन टीमच्या कामावर होतं. त्याने हुशार माणूस वर पाठवला तर कंपनीला एक चांगला अधिकारी मिळतो आणि साहेबाला मिळतं एक रिकामं टेबल, एक नवशिका आणि सहा महिन्यांची डोकेदुखी. माणूस घडवून दिल्याबद्दल कुठल्याही केआरएमध्ये गुण नाहीत, पण डेडलाइन चुकली तर लगेच कापले जातात. या परिस्थितीत साहेब हिशेबी निघाला तर त्याचं शिक्षण वाया गेलं नाही, एवढंच म्हणता येईल.

हिंजवडीत, मगरपट्ट्यात किंवा ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये या अडवणुकीला एक सुटसुटीत नाव आहे. तिथे कोणी साहेबाच्या नावाने बोटं मोडत नाही. "रिलीज मिळत नाहीये" एवढंच म्हणतात. कंपनीच्या पोर्टलवर अंतर्गत जागा झळकत असतात. अर्ज करायला सगळ्यांना मोकळीक असते. एचआरच्या पोस्टरवर हसरी माणसं शिडी चढताना दाखवलेली असतात. अर्ज मात्र शेवटी सध्याच्या मॅनेजरच्या संमतीपाशी येऊन थांबतो. मॅनेजर कधीच नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "रिप्लेसमेंट मिळाली की त्याच दिवशी सोडतो." मग रिप्लेसमेंटच्या मुलाखती सुरू होतात आणि त्या मुलाखती घेतो तोच मॅनेजर. पहिल्या उमेदवाराला डोमेन नॉलेज कमी पडतं. दुसऱ्याला क्लायंटशी बोलताना धीटपणा कमी पडतो. तिसरा सगळ्यात बसतो, पण त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो. तोवर ती अंतर्गत जागा भरलेली असते आणि मॅनेजर मनापासून हळहळतो, "अरेरे, थोडक्यात हुकलं बघ."

सरकारी कचेरीत हेच नाटक मराठीतून होतं. बदल्यांसाठी राज्यात २००५ चा एक कायदा आहे. त्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम' असं आहे, आणि विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं नाव वाचायला एवढा वेळ लागावा हा एक योगायोगच. त्यानुसार आदेश निघतो, पेढे वाटले जातात, नव्या गावात खोली बघून होते. पण साहेब कार्यमुक्त करत नाहीत. "पर्यायी व्यवस्था होईपर्यंत" ही तीन शब्दांची अट घालून मंत्रालयातून निघालेल्या आदेशाला तालुक्याच्या गावी थोपवून धरता येतं. वरच्या पदाच्या परीक्षेला बसायचं असेल तर अर्ज कार्यालयाच्या मार्फत जातो, त्याला ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ज्याची सगळ्यात मोठी हरकत असायची शक्यता आहे त्याच्याकडूनच हरकत नसल्याचं लिहून आणायचं असतं.

मूल्यमापनाची सगळ्यात गाजलेली बैठक मात्र मंत्रालयातही झाली नाही आणि हिंजवडीतही नाही. ती झाली उद्योगपर्वात. युद्धाआधी दुर्योधनाने भीष्मांना विचारलं, आपल्याकडे कोण किती पाण्यात आहे ते सांगा. भीष्मांनी एकेकाचं नाव घेऊन प्रतवारी लावली. हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. कर्णाची पाळी आली तेव्हा म्हणाले, हा अर्धरथी. द्रोणाचार्यांनी लगेच दुजोरा दिला, कारण अशा बैठकीत दुजोरा देणारा एक असतोच. कर्ण भडकला आणि भीष्म रणांगणावर आहेत तोवर आपण शस्त्र धरणार नाही असं सांगून मोकळा झाला. पुढचे दहा दिवस तो खरोखर छावणीत बसून राहिला.

बारकाईने पाहिलं तर भीष्मांनी कर्णाची जागा अडवली, पण पद्धतशीर अडवली. रेटिंग तोंडावर सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं, आणि कवचकुंडलं गेली, परशुरामांचा शाप आहे अशी कारणंही दिली. कर्मचाऱ्याने त्याच दिवशी आक्षेप नोंदवला आणि निर्णय घेतला. आपण अर्धरथी ठरलोय हे अठरा दिवसांचं युद्ध आटोपल्यावर ईमेलने कळण्याची नामुष्की त्याच्यावर आली नाही.

आजची बैठक बंद खोलीत होते आणि तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी माणसांची वीस, सत्तर आणि दहा टक्क्यांत वाटणी करायची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी आपली माणसं 'बेल कर्व्ह'च्या, म्हणजे घंटेच्या, आकारात कोंबली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची उतरंड सोडली, इन्फोसिसने २०१५ मध्ये. घंटा गेली तरी खोली राहिलीच. त्या खोलीत प्रत्येक मॅनेजरच्या हातात वरच्या रेटिंगच्या मोजक्याच जागा असतात. त्या तो कोणाला देतो? चांगलं काम करणाऱ्याला, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्यातली एक जागा बऱ्याचदा जातो-जातो म्हणून भीती घालणाऱ्याला जाते. जो कुठेच जाणार नाही याची खात्री असते, ज्याचा फ्लॅट वाकडला आहे, मुलं जवळच्या शाळेत आहेत आणि जो साहेबाला देवमाणूस म्हणतो, त्याच्या वाट्याला "मीट्स एक्स्पेक्टेशन्स" येतं. निष्ठावंताचं रेटिंग वापरून बंडखोराची समजूत घातली जाते. हा व्यवहार निष्ठावंताला कधीच कळत नाही, कारण त्याला सांगताना साहेबाचे डोळे पाणावलेले असतात. "मी तुझ्यासाठी खूप भांडलो रे," असं तो म्हणतो. खोलीत तो किती भांडला हे खोलीतल्या इतर मॅनेजरांना माहीत असतं, आणि तेही आपापल्या टीमला त्या वेळी हेच सांगत असतात.

कौतुकाने बढती अडते याचा पुरावा थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी सलग पाच वर्षांचे गोपनीय अहवाल 'व्हेरी गुड' असावे लागत. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात शेरा होता, 'गुड'. बस्स. लाल शाई नाही, ताकीद नाही, चौकशी नाही. चांगला म्हटलं आणि माणूस तिथेच थांबला, त्याच्या मागचे पुढे गेले. हा शेरा त्यांना कळवलाही नव्हता. का कळवावा? नियम असा होता की वाईट शेरा कळवायचा, आणि 'गुड' हा काही वाईट शेरा नव्हता.

१२ मे २००८ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की शेऱ्याचं नाव काय आहे ते बघू नका, त्याचा परिणाम काय झाला ते बघा. 'गुड' मुळे माणूस बढतीच्या यादीतून बाहेर पडत असेल तर तो त्याच्यापुरता प्रतिकूल शेराच आहे, आणि यापुढे बरावाईट प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. शेरा आता त्यांना कळवावा, त्यांनी त्यावर म्हणणं मांडावं आणि ते मान्य झालं तर वाढीव वेतनाची थकबाकी आठ टक्के व्याजाने द्यावी, अशी सोय न्यायालयाने केली. व्याजाचा दर एका सहकारी बँकेच्या ठेवीला शोभेसा होता. २००९ मध्ये केंद्र सरकारने गोपनीय अहवालाचं नाव बदलून तो संपूर्णच्या संपूर्ण कर्मचाऱ्याला दाखवायचं ठरवलं. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल लिहिलं जायचं त्याच्यापासूनच ते गोपनीय होतं. बाकी कचेरीत शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ असायचं.

महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत 'अत्युत्कृष्ट' पासून सुरू होणाऱ्या उतरंडीत एक पायरी आहे, तिचं नाव 'निश्चित चांगला'. बी प्लस. ही श्रेणी ज्याने कोणी मराठीत आणली त्याला मानवी स्वभावाची खोल जाण असली पाहिजे. नुसतं 'चांगला' म्हटलं तर माणूस खट्टू होतो. 'निश्चित' जोडलं की तो घरी जाऊन बायकोला सांगू शकतो. आणि ज्या पदासाठी 'उत्कृष्ट' लागतं, तिथून तो निश्चितपणे लांब राहतो.

सरकारचं एक मात्र मानलं पाहिजे. पदोन्नती मिळत नाही म्हणून माणूस कुजतो, हे त्याने शासन निर्णयात लिहून मान्य केलं आणि त्या अवस्थेला 'कुंठितता' असा भारदस्त शब्दही दिला. आश्वासित प्रगती योजनेत २ मार्च २०१९ च्या निर्णयापासून १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो. पद तेच, खुर्ची तीच, पंखाही तोच. पगार वर सरकतो. खासगी कंपनीत कुंठितता येत नाही. तिथे त्याला "स्टेबिलिटी" म्हणतात आणि दहा वर्षांनी एक काचेचं मानचिन्ह देतात.

मग ओळखायचं कसं? गोड साहेबाच्या बोलण्यावरून काही कळत नाही, कारण बोलणं हाच त्याचा हातखंडा आहे. त्याच्या कॅलेंडरवरून थोडंफार कळतं. ज्या बैठकीत वरचे लोक असतात त्या बैठकीचं निमंत्रण कोणाला जातं? प्रेझेंटेशन रात्री दीडपर्यंत बसून त्याच्या हाताखालची ती तयार करते, सकाळी तो दाखवतो आणि शेवटच्या स्लाइडवर "थँक यू टीम" असतं. टीम म्हणजे कोण, हे सीईओला कळायचा मार्ग नाही. वर्षाअखेरीस तिला फीडबॅक मिळतो, "काम उत्तम आहे, फक्त थोडी व्हिजिबिलिटी वाढव." ज्याने पडदा धरला आहे तोच दिसत नाहीस म्हणतो, आणि ती ते वहीत लिहून घेते!

दुसरी खूण अटींची. पहिल्या वर्षी सांगितलं जातं, एखादा क्लायंट स्वतंत्रपणे सांभाळून दाखव. सांभाळला. दुसऱ्या वर्षी, टीम सांभाळायचा अनुभव हवा. चार पोरं पदरात घेतली. तिसऱ्या वर्षी, आता कोडमधून डोकं काढून जरा स्ट्रॅटेजिक विचार करायला शीक. शिकली. चौथ्या वर्षी साहेब चष्मा काढून गंभीरपणे म्हणतो, "हल्ली तुझी टेक्निकल पकड कमी झालीय असं वरून फीडबॅक आहे." वरून म्हणजे कुठून, हे कधीच विचारायचं नसतं. प्रत्येक कंपनीत हे 'वरून' नावाचं एक खातं असतं. त्याचा मजला कोणी पाहिलेला नाही, पण सगळे अप्रिय निर्णय तिथूनच येतात.

तिसरी खूण प्रशिक्षणाची, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. आहे तेच काम अधिक वेगाने करायला शिकवणारा कोर्स ताबडतोब मंजूर होतो. पुढच्या पदाचं काम शिकवणाऱ्या कोर्सला यंदा बजेट नसतं. चौथी खूण तर एका दुपारच्या जेवणात तपासून होते. याच साहेबाच्या हाताखालून गेल्या काही वर्षांत जी माणसं मोठी झाली, ती कशी झाली हे जुन्या लोकांना विचारावं. कंपनीतच वर गेली असतील तर साहेबाला आणखी एक संधी द्यायला हरकत नाही. सगळीच्या सगळी कंपनी सोडल्यावर मोठी झाली असतील, तर लिंक्डइनवर "माय फर्स्ट मेंटर" म्हणून साहेबाला टॅग करणाऱ्यांच्या कृतज्ञतेचा अर्थ वेगळा लावावा लागतो.

अडवणुकीला नेहमी चेहरा असतोच असंही नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एक. पुढच्याच महिन्यात त्यांची राजपुतान्यातल्या खेरवाड्याला बदली झाली, आणि तिथे मलेरियाचा जवळपास पत्ता नव्हता. सगळ्या हिंदुस्थानात मलेरिया थैमान घालत असताना तो नसलेलं ठाणं नेमकं या माणसासाठी शोधून काढणं हे प्रशासनाचं कसबच म्हणायचं. रॉस यांनी हातपाय आपटले, पत्रं लिहिली. उपयोग झाला तो लंडनमधल्या पॅट्रिक मॅन्सन यांच्या खटपटीचा. १८९८ च्या सुरुवातीला रॉस कलकत्त्याला पोचले, पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून शोध पुरा केला आणि १९०२ चं नोबेल घेऊन मोकळे झाले. साहेबाच्या डोक्यावरून कोणाशी तरी ओळख असली पाहिजे, हे कंपन्यांनी "स्किप-लेव्हल मीटिंग" या नावाने बऱ्याच उशिरा शोधून काढलं. आता तीही मीटिंग साहेबच ठरवून देतो आणि आधी दहा मिनिटं बसवून काय बोलायचं ते सांगतो.

न्यायाने पाहायचं तर दुसरी बाजूही आहे. प्रत्येक अडलेल्या माणसामागे अडवणारा साहेब नसतो; कधी कधी पुढची जागाच भरलेली असते. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे आठ गडी १६ धावांत गुंडाळले. कसोटीची टोपी मात्र मिळाली नाही, कारण डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते आणि बेदींना हलवावं असं एकही कारण बेदींनी दिलं नाही. शिवलकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा' आहे. साहेबाच्या नावाने शंख करण्याआधी समोर बेदी आहे का, हे एकदा डोकावून बघायला हवं. फरक एवढाच की बेदींनी कधी "पुढच्या सायकलला तुझंच नाव" असं सांगून कोणाला झुलवलं नव्हतं.

काहींना तर बढती नकोच असते आणि ते साहेबाच्या नावावर खपवतात. सरकारी बँकांतले कित्येक कारकून प्रमोशनचं नाव काढलं की हात जोडतात, कारण प्रमोशनबरोबर बदली येते आणि डोंबिवलीच्या माणसाला शाखा मिळते परराज्यात. घरी मात्र "मॅनेजर पुढे जाऊ देत नाही" असं सांगितलेलं असतं. मॅनेजर बिचारा दर वर्षी फॉर्म घेऊन मागे लागलेला असतो. शिवाय वर गेलेला माणूस तिथे टिकेलच असं नाही. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली मांडलं की माणूस बढत्या घेत घेत अशा पदावर पोचतो जिथलं काम त्याला जमत नाही, आणि मग तिथेच राहतो. तेव्हा लोकांनी ते विनोदी पुस्तक म्हणून वाचलं. २०१९ मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तर खरंच बढती उत्तम विक्रेत्याला मिळत होती आणि नेमका तोच साहेब म्हणून कमी पडत होता. गोड साहेबाने हा शोधनिबंध वाचलेला नाही हे बरं आहे. वाचला असता तर तुझ्या भल्यासाठीच अडवतोय असं संदर्भासकट सांगितलं असतं.

अमेरिकेतल्या मराठी माणसाची गत आणखी निराळी. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये एच-वन-बी व्हिसावर बसलेल्या मंडळींची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची आहे. कामाचं स्वरूप फार बदललं तर कागदपत्रं नव्याने करावी लागू शकतात, हे खरं आहे. त्यामुळे तिथल्या गोड साहेबाला काहीच बोलावं लागत नाही. प्रमोशनचा विषय निघाला की तो सहानुभूतीने म्हणतो, "वकिलांना विचारून सांगतो." खरी अडचण आणि सबब इतक्या हुबेहूब सारख्या दिसण्याचा योग फार थोड्या देशांत येतो.

इलाज म्हणून जाणकार एक साधी गोष्ट सुचवतात. प्रमोशनसाठी नेमकं काय कमी पडतंय, ते लिहून मागायचं. तारीख, पद आणि अटी, ईमेलवर. तोंडी सरस्वती प्रसन्न असलेल्या गोड साहेबाची लेखणी अशा वेळी अचानक आखडते. सरळ साहेब दोन दिवसांत चार मुद्दे पाठवतो, त्यातले दोन झोंबणारे असतात. गोड साहेब उत्तर देतो, "अगं, ईमेल कशाला, कॉफीला भेटू." कॉफीचे पैसे तोच देतो.

मग एके दिवशी ती पेपर टाकते. त्यानंतरच्या ४८ तासांत कंपनीत जे घडतं ते व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही. गोठलेलं बजेट वितळतं. 'वरून' नावाचं खातं एकाएकी अनुकूल होतं. चार वर्षं नसलेलं पद तयार होतं, पगार तीस टक्के वाढतो, आणि साहेब दुखावलेल्या आवाजात विचारतो, "आधी बोलली असतीस तर?" ती ईमेल शोधून दाखवू शकते, पण दाखवत नाही, कारण रिलिव्हिंग लेटर अजून मिळालेलं नसतं. काउंटर ऑफर स्वीकारणारेही असतात. त्यांचं नाव पुढच्या सायकलला जातो-जातो म्हणणाऱ्यांच्या रकान्यात पडतं, आणि त्यांना द्यायचं रेटिंग दुसऱ्या कोणाकडून तरी काढलं जातं.

ती मात्र जाते. नोटीस पिरियडचे ९० दिवस तीन जणांना केटी, म्हणजे आपलं काम समजावून, देण्यात सरतात, कारण एकाला तिचं सगळं काम पेलत नाही असं आता साहेबानेच वर कळवलेलं असतं. निरोपाच्या केकवर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकतं. दोन आठवड्यांनी कंपनीच्या पोर्टलवर जाहिरात लागते. काम तेच, टीम तीच, क्लायंट तोच. पदाचं नाव सीनियर मॅनेजर, जागा दोन, तातडीने भरणे आहे. शेवटच्या ओळीत उमेदवारांसाठी लिहिलेलं असतं की या पदावर करिअरच्या वाढीला भरपूर वाव आहे, आणि अधिक माहितीसाठी त्याच साहेबाचा ईमेल दिलेला असतो.